केतकरांचे सोळा खंड

ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. अमरावती, मुंबई आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ असे त्यांचे शिक्षण झाले. मायदेशी परतल्यावर मराठीत ज्ञानकोश काढायचा, हे त्यांनी मनावर घेतले. काम नागपुरात सुरू झाले आणि नंतर पुण्याला आले. कंपनी काढून, वर्गणीदार जमवून त्यांनी २३ खंड तडीस नेले.

त्यातले पहिले पाच खंड प्रस्तावनेचे. सहा ते एकवीस हे सोळा खंड अकारविल्हे लावलेले; त्यांना 'शरीरखंड' म्हणतात. या शरीरात एखादा शब्द कसा शोधाल? सोळांपैकी आठव्या खंडातला शेवटचा शब्द पाहा. आपला शब्द त्याच्या पुढचा असेल, तर पहिले आठ खंड बाद. उरलेल्या आठांचे पुन्हा दोन भाग करा. चार वेळा पाहिले की नेमका खंड हाती येतो. खंडाची ५१२ पाने धरली, तर याच रीतीने आणखी नऊ वेळा पाहून पान सापडते. ८१९२ पाने चाळण्याऐवजी फक्त तेरा वेळा पाहायचे! संगणकवाले याला 'बायनरी सर्च' म्हणतात.

अट एकच: सगळे क्रमाने लावलेले हवे, आणि लावणारा व शोधणारा यांचा नियम एक हवा. काही कोशांत 'ज्ञ' हा 'ज'मध्ये मिळतो, काहींत अगदी शेवटी. नियम ठाऊक नसेल, तर 'ज्ञान' हा शब्दच सापडायचा नाही.

उमेदवारीच्या काळात मी हे अनुभवले. रात्री न्यूमोनियाचा रुग्ण आला. पूर्वी कुठल्याशा इंजेक्शनने अंगावर गांधी उठून दम लागला होता, एवढेच त्याच्या आईला आठवत होते. जुना केसपेपर क्रमांकाच्या जागी नव्हता. आम्ही पेनिसिलीन टाळून दुसरे औषध दिले. कागद सकाळी दुसऱ्याच गठ्ठ्यात मिळाला. त्यावर पेनिसिलीनचीच नोंद होती. शोधायची रीत बरोबर असूनही चुकीच्या जागी ठेवलेला एक कागद आम्हाला सापडला नव्हता.

केतकरांना मधुमेह होता. १० एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, ते पुण्यात वारले. आज मीही त्याच वयाच्या आसपास आहे, आणि माझ्या ओपीडीत मधुमेहाचे रुग्ण पिशवीभर कागद घेऊन येतात. त्यांना एवढेच सांगतो: रिपोर्ट तारखेनुसार लावा. साखरेचे आकडे वरखाली होतात, त्यांना निम्म्याचा नियम लागत नाही, तारखांना लागतो. मागच्या दिवाळीचा रिपोर्ट मला दोन-चार वेळा पाहून मिळाला, तर उरलेला वेळ तुमचे पाय तपासायला देता येईल.