नाणी तोलणारा गणिती

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव बहुतेकांना इतिहासकार म्हणून ठाऊक असते. मुळात ते गणिती. जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्याबरोबर हा मुलगा अकराव्या वर्षी अमेरिकेला गेला आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतला. बनारस, अलीगढ आणि मग १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, असा पुढचा प्रवास. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र मांडले. ते आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. आम्हा डॉक्टर मंडळींनी त्यांची आठवण ठेवायला एवढे खरे तर पुरेसे आहे.

पण आज सांगायचे आहे ते त्यांच्या तराजूविषयी.

आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे कापलेले तुकडे, वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत, त्यावर सूर्य, हत्ती, बैल असे ठसे. राजाचे नाव नाही, साल नाही. मग त्यांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे कसे ठरवायचे? कोसंबींनी विचार केला, नाणे हातोहात फिरते तसे झिजते; झीज मोजता आली तर वय कळेल. आधी त्यांनी आपल्याच काळातली चलनातली नाणी तोलली, कारण त्यांवर साल छापलेले असते. जितके साल जुने, तितके सरासरी वजन कमी आणि नाण्या-नाण्यांतला फरक जास्त. एखादे नाणे रोज बाजारात फिरते, दुसरे गाडग्यात पडून राहते. म्हणून एकटे नाणे काहीच सांगत नाही, शेकडो नाणी मिळून सांगतात. एका रुग्णाच्या एका वेळच्या रक्तदाबावरून गावाची तब्येत सांगता येत नाही, तसेच हे.

मग ते तक्षशिलेला सापडलेल्या नाण्यांकडे वळले. त्यांच्या पाठीवर बारीक बारीक खुणा असतात. कोसंबींना आढळले की, पाठीवरच्या खुणा जितक्या जास्त, तितके नाणे हलके. त्यांनी अर्थ लावला तो असा: पुढचे मोठे ठसे नाणे पाडणाऱ्या सत्तेचे आणि पाठीवरच्या खुणा व्यापाऱ्यांच्या. ठरावीक काळाने व्यापारी नाणे तपासत आणि चांगले निघाले की आपली खूण मारत. नाण्याच्या पाठीवर त्याच्या प्रवासाची वहीच तयार होई. सगळ्या नाणेतज्ज्ञांनी हा अर्थ मान्य केला असे नाही, पण मला तो पटतो. मगधातले नाणे तक्षशिलेच्या पेढीवर आले, तर तिथल्या व्यापाऱ्याने खात्री कोणाकडून करायची? राजा शेकडो कोस दूर. हाताशी दोनच गोष्टी: स्वतःचा तराजू आणि आधी तपासून गेलेल्यांच्या खुणा. एखाद्या लबाडाने खोटी खूण मारली तरी पुढचा माणूस पुन्हा तोलणारच.

संगणकांच्या जाळ्यात आज हाच प्रश्न पडतो. १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्ताक आणि पीज या तिघांनी तो शहराला वेढा घातलेल्या सेनापतींच्या रूपकातून मांडला. निरोप पाठवून हल्ल्याचे ठरवायचे आहे, पण त्यांच्यात एक फितूर आहे. नुसत्या तोंडी निरोपांवर तिघांना हे कधीच जमणार नाही, निदान चौघे हवेत, असे त्यांनी सिद्ध केले. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनची वही याच घरातली. तिची प्रत हजारो संगणकांवर असते आणि प्रत्येक नव्या पानात मागच्या पानाचा ठसा असतो. जुने पान कोणी गुपचूप बदलले तर पुढचा एकही ठसा जुळत नाही.

या भानगडीत डॉक्टरने का पडावे, असे कोणी विचारील. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस कागद-पेनावर काम करावे लागले. रुग्णाचा रक्तगट, औषधाची ॲलर्जी, जुने रिपोर्ट हे आता यंत्रात असते. ते गायब झाले तर निदान कळते तरी; कोणी हळूच बदलले तर कळणारही नाही, आणि मला भीती या दुसऱ्याचीच जास्त वाटते. रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी दोघांनी स्वतंत्रपणे नाव, नंबर आणि गट तपासून सह्या करायच्या, हा वॉर्डातला नियम त्यासाठीच आहे. घाईच्या रात्री तो जाचक वाटतो, तरी पाळावाच लागतो. कोसंबींचे व्यापारी वेगळे काय करत होते?

कोसंबी १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणे पुण्यातच, रोजची ये-जा डेक्कन क्वीनने. सरकारचा भर अणुशक्तीवर असताना ते सूर्यशक्तीचा आग्रह धरत. ते वरिष्ठांना रुचले नाही. आणि १९५९ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. रीमानचे गृहीतक हे गणितातले अतिकठीण कोडे सोडवल्याचा दावा त्यांनी केला, आणि तो छापला कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. म्हणजे ज्यांनी तो तोलून पाहायचा, त्या संख्या-सिद्धांतातल्या जाणकारांच्या तराजूवर तो आधी चढलाच नाही. सिद्धता टिकली नाही. प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांची मुदत वाढवली नाही. नाण्यावरची प्रत्येक खूण मोजणाऱ्या माणसाने हे करावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

१९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडलेले होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांचा नाण्यांवरचा लेख आला. त्याच वर्षी २८ जूनला त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून प्रकृती ठीक असल्याचे सांगितले होते. २९ च्या पहाटे ते गेले. वय ५८.