क्षमेचा आणि कलेचा उपासक : साने गुरुजी

क्षमा हा जैन धर्माचा प्राण आहे. दशलक्षण धर्मात उत्तम क्षमेला पहिले स्थान दिलेले आहे. संवत्सरीच्या दिवशी लहानथोर सारे जण एकमेकांसमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात, तेव्हा वर्षभराची कटुता विरघळून जाते. घराघरांत आणि नात्यागोत्यांत हे घडते. परंतु संपूर्ण समाजच जातीच्या, भाषेच्या आणि राजकीय मतांच्या भिंतींनी दुभंगतो, तेव्हा क्षमा कोणी मागावी आणि कोणाकडे मागावी, हा प्रश्न मोठा कठीण असतो. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर एका पुरुषाने आपल्या लेखणीने आणि आपल्या देहाने देण्याचा प्रयत्न केला. ते म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात सर्वांचे साने गुरुजी. गुरुजी जन्माने जैन नव्हते. तथापि तप, प्रायश्चित्त आणि मैत्रीभाव ही त्यांच्या जीवनाची त्रिसूत्री प्रत्येक श्रावकाला आपली वाटेल अशीच आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण उचित ठरेल.

बालपण आणि मातेचे संस्कार

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव हे खोत. एके काळी सुस्थितीत असलेले हे घराणे पुढे कर्जबाजारी झाले आणि घरादारावर जप्ती येण्यापर्यंत पाळी आली. आई यशोदाबाई या अल्पशिक्षित, परंतु विवेकी आणि प्रेमळ होत्या. मुलाला हट्ट कोठे पुरवावा आणि कोठे कठोर व्हावे, याचे त्यांना उपजत ज्ञान होते. १९१७ साली त्यांचे निधन झाले. शिक्षणासाठी दूर असलेल्या पांडुरंगाला मातेचे अखेरचे दर्शनही घडले नाही. हे दुःख त्यांना आयुष्यभर पुरले आणि त्या दुःखातूनच पुढे मराठी साहित्यातील एक अमर कृती जन्माला आली.

दापोली, औंध, पुणे असे करीत, प्रसंगी उपाशी राहून त्यांनी शिक्षण पूर्ण केले. १९२४ साली ते खानदेशातील अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे, हे सारे ते स्वतः करीत. शिक्षा न करता केवळ सेवेने मुलांची मने त्यांनी जिंकली. मुलांसाठी ते हस्तलिखित छात्रालय दैनिक काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी चालविले. ‘गुरुजी’ ही पदवी त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही, ती या मुलांनी दिली.

तुरुंगातील साधना

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला. त्यानंतरच्या तुरुंगवासांनी त्यांना घडविले. तामिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात त्यांना तामिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणारे सत्याग्रही भेटले. एकाच देशासाठी बंदिवास भोगणाऱ्या माणसांना एकमेकांची भाषा कळू नये, एकमेकांची गाणी माहीत नसावीत, याची त्यांना खंत वाटली. त्यांनी दक्षिणी भाषांचा परिचय करून घेण्यास प्रारंभ केला. ज्या तिरुवल्लुवरांना जैन परंपरा आपले मानते, त्यांच्या ‘कुरल’ या ग्रंथाचा गुरुजींनी पुढे मराठी अनुवाद केला, ही गोष्ट जैन वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत असत. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात झालेली ही अठरा प्रवचने गुरुजींनी भराभर लिहून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ अनेक भाषांत वाचला जातो, त्याच्या मुळाशी गुरुजींची ही निरपेक्ष लेखणी आहे.

पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. या पुस्तकात कोठेही मोठे तत्त्वज्ञान सांगितलेले नाही. एका प्रसंगात आईकडून भाजीत मीठ घालायचे राहून जाते. वडील ती अळणी भाजी एक शब्दही न बोलता खातात आणि मुलेही तसेच करतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हाच तिला आपली चूक उमगते. दुसऱ्याची चूक न दाखवता पोटात घालणे म्हणजे काय, हे इतक्या साध्या रीतीने क्वचितच सांगितले गेले असेल. दुसऱ्या एका प्रसंगात एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर लाकडांची मोळी चढविण्यास आई श्यामला सांगते. त्या काळी स्पर्शाचाही विटाळ मानला जात असे. पुढे पंढरपुरात गुरुजी प्राणपणाने उभे राहिले, त्याचे बीज पालगडच्या या अंगणात पडले होते.

कलेविषयी गुरुजींची दृष्टी स्वच्छ होती. टॉलस्टॉय यांच्या कलाविषयक ग्रंथाचा त्यांनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने अनुवाद केला. एका हृदयातील भावना दुसऱ्या हृदयात जाऊन पोहोचावी आणि माणसे जवळ यावीत, यासाठी कला आहे, हा त्या ग्रंथातील विचार गुरुजींना मनोमन पटला होता. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरले. थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साध्या साहित्यातून तेथील नगर सजविले. त्या अधिवेशनासाठी गुरुजी गावोगाव हिंडले होते. कला ही महालात कोंडलेली नसून शेतकऱ्याच्या दारात उभी राहू शकते, याचा प्रत्यय सर्वांना तेथे आला.

पंढरीचे दार

स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले होते, परंतु पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना प्रवेश नव्हता. संतांनी ज्याला समतेचे दैवत मानले, त्याचेच दार काही लेकरांना बंद असावे, हे गुरुजींना असह्य झाले. उपोषणाचा संकल्प करून त्यांनी आधी सुमारे सहा महिने महाराष्ट्र पिंजून काढला. सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. राष्ट्र सेवा दलाचे तरुण गाणी गात गावोगाव जात. सभेत जे तर्काने पटले नसते, ते गीताने आणि कथेने पटले. अनेक गावांतील मंदिरे आणि पाणवठे या दौऱ्यात खुले झाले.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींनी उपोषण सुरू केले. विरोधही तीव्र झाला. गुरुजींनी भीमेपार चालते व्हावे, अशा घोषणा दिल्या गेल्या. स्वतः गांधीजींनीही त्यांना उपोषण सोडण्यास सुचविले. तरीही गुरुजी ढळले नाहीत आणि विरोधकांविषयी त्यांनी कटू शब्दही उच्चारला नाही. दादासाहेब मावळंकर यांच्यासारख्यांनी मध्यस्थी केली, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी गुरुजींनी पारणे केले. या लढ्यात कोणाचा पराभव करावयाचा नव्हता. ज्यांनी दार अडविले होते, त्यांच्याच हातांनी ते उघडावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

प्रायश्चित्त

गुरुजींच्या जीवनातील सर्वांत कठीण परीक्षा यानंतर आली. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील आणि जातीने ब्राह्मण असल्याचे कळताच क्षोभ उसळला. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत अनेक निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली माणसे परस्परांना पारखी झाली. कित्येकांनी गाव सोडले ते कायमचेच. कोल्हापुरात भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला आणि ‘मीठ भाकर’ हा चित्रपट भस्मसात झाला. भालजींनी तो स्टुडिओ पुन्हा उभारला आणि तोच चित्रपट पुन्हा चित्रित करून प्रेक्षकांना दिला. कलावंत आपल्या जखमेला असेही उत्तर देऊ शकतो.

अशा वेळी सामान्यतः दोनच वाटा दिसतात. एक सूडाची आणि दुसरी स्वतःला निर्दोष ठरविण्याची. गुरुजींचा हत्येशी काहीही संबंध नव्हता. उलट त्यांनी जातिभेदाविरुद्ध प्राण पणाला लावले होते. हात झटकून मोकळे होण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो त्यांना होता. परंतु त्यांनी तिसरी वाट निवडली. ज्या समाजात आपण जन्मलो, त्या समाजाच्या पापाचा वाटा आपलाही आहे, असे मानून त्यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्यानंतर ‘कर्तव्य’ या सायंदैनिकातून आणि १५ ऑगस्ट १९४८ पासून ‘साधना’ साप्ताहिकातून त्यांनी द्वेष शमविण्यासाठी लेखणी झिजविली.

जैन शास्त्रात तपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे भेद सांगितले आहेत. अनशन हे बाह्य तपांत पहिले आणि प्रायश्चित्त हे आभ्यंतर तपांत पहिले. देहाला अन्न नाकारणे सोपे नाही, पण दुसऱ्याच्या अपराधाचे ओझे आपल्या मनावर घेणे त्याहून अवघड आहे. गुरुजींच्या त्या एकवीस दिवसांत ही दोन्ही तपे एकत्र आली होती. उपोषणाने जळलेली घरे उभी राहिली नाहीत, हे खरे. मात्र दोषारोप करणाऱ्या समाजाला स्वतःकडे पाहण्याची संधी मिळाली, हे त्याहून खरे.

आंतरभारती

स्वतंत्र भारतात भाषावार प्रांतांचे वाद डोके वर काढू लागले होते. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगातील जुनी खंत गुरुजींच्या मनात पुन्हा जागी झाली. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. रवींद्रनाथांनी विश्वभारतीद्वारे जगाला एकत्र आणण्याचे स्वप्न पाहिले. त्याच धर्तीवर प्रांताप्रांतांतील मुलांनी एकमेकांच्या भाषा, गाणी, नृत्ये आणि कथा शिकाव्यात, असे गुरुजींचे स्वप्न होते. ज्याची अंगाईगीते आपल्याला ठाऊक आहेत, त्याचा द्वेष करणे अवघड जाते, हे मर्म त्यांनी जाणले होते.

हे स्वप्न त्यांच्या हयातीत साकार झाले नाही. ११ जून १९५० रोजी या अतिसंवेदनशील पुरुषाने स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. साऱ्या महाराष्ट्राचे डोळे पाणावले. त्यांच्या या अखेरीचे समर्थन करता येणार नाही आणि त्यांच्या मनाचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकारही कोणाला नाही. तरी एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. सर्वांच्या वतीने क्षमा मागणाऱ्या या थोर पुरुषाच्या वाट्याला स्वतःच्या मनाची विश्रांती मात्र आली नाही. सर्व जीवांना क्षमा करावी, असे आपण म्हणतो, तेव्हा त्या जीवांत आपण स्वतःही असतो. आपल्या आसपास कोणी आतल्या आत खचत असेल, तर त्याला हे वेळीच सांगणे, त्याच्याजवळ बसणे आणि त्याला एकटे न सोडणे, हाही क्षमाधर्माचाच भाग आहे.

अखंड वारसा

गुरुजी गेले, पण त्यांचे कार्य थांबले नाही. ‘साने गुरुजी कथामाला’ प्रकाशभाई मोहाडीकर यांनी गावोगाव नेली. आचार्य अत्रे यांनी काढलेल्या ‘श्यामची आई’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. यदुनाथ थत्ते यांनी ‘साधना’ आणि ‘आंतरभारती’ची ज्योत तेवत ठेवली. बाबा आमटे यांनी १९८५ साली कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुणांसह ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तिच्यामागेही गुरुजींचीच प्रेरणा होती. पुण्याजवळ हडपसर येथील रुग्णालय त्यांच्या नावाने रुग्णसेवा करीत आहे.

पवनाकाठच्या आपल्या रहाटणीचा विचार केला, तर गुरुजींच्या आंतरभारतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पाठोपाठ एकामागून एक उद्योग आले आणि शेतीवाडीच्या या परिसरात खानदेश, मराठवाडा, कोकण, मारवाड, गुजरात, कर्नाटक, केरळ, उत्तर प्रदेश अशा सर्व दिशांनी माणसे आली. एकाच इमारतीत चार भाषा बोलल्या जातात. आपल्या जैन समाजातही दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी, तेरापंथी असे सारे पंथ येथे शेजारी शेजारी नांदतात. निवडणुका येतात आणि जातात. त्या काळात मते वेगळी होतात, क्वचित मनेही दुरावतात. अनेकांतवाद शिकविणाऱ्या समाजाने अशा वेळी पुढाकार घ्यावयाचा नाही, तर कोणी घ्यावयाचा?

पर्युषणात आपण आप्तस्वकीयांची क्षमा मागतो. ज्याच्याशी वर्षभर बोलणे झाले नाही, ज्याचा झेंडा वेगळा, ज्याची बोली वेगळी, अशा एखाद्या शेजाऱ्याच्या दारापर्यंतही ती क्षमा पोहोचावी. पाठशाळेतील मुलांनी आपल्या स्तवनांबरोबर शेजारच्या मुलांची गाणीही शिकावीत. साने गुरुजींनी याहून अधिक काही मागितले नव्हते. या क्षमाशील, कलासक्त आणि करुणामय आत्म्याला विनम्र अभिवादन!