दोनदा देश सोडणारा गणिती

माणूस परदेशी का जातो, हे कोणीही सांगेल : पोटासाठी. पण तिथे चांगली नोकरी लागल्यावर, घरदार थाटल्यावर तोच माणूस तो देशही सोडून का जातो? थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याचे चरित्र वाचताना या प्रश्नाचे उत्तर मिळते.

ऑयलरचा जन्म १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तेथील विद्यापीठात त्याला जागा मिळाली नाही. तेव्हा १७२७ मध्ये, विसाव्या वर्षी, तो रशियाच्या सेंट पीटर्झबर्ग अकादमीत दाखल झाला. तिथे त्याला प्राध्यापकपद मिळाले, लग्न झाले, कीर्ती पसरली. परंतु १७४० मध्ये सम्राज्ञी ॲना वारली आणि दरबारात सत्तेची ओढाताण सुरू झाली. परकीयांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. म्हणून १७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचे बोलावणे स्वीकारून तो बर्लिनला गेला.

बर्लिनमध्ये तो २५ वर्षे राबला. गणिताचे ग्रंथ तर त्याने लिहिलेच, शिवाय कालवे, लॉटरी, राजवाड्याची कारंजी यांचे हिशेबही केले. पण राजाला चतुर बोलणारे फ्रेंच पंडित प्रिय. साधा, देवभोळा, एका डोळ्याने अधू असलेला ऑयलर हा त्याच्या थट्टेचा विषय. १७५९ मध्ये अकादमीचे अध्यक्ष मोपेर्त्यूई वारले. त्यांच्यामागे सारा कारभार ऑयलरने सांभाळला, पण राजाने अध्यक्षपद देऊ केले ते फ्रेंच गणिती दालांबेर याला! त्याने ते नाकारून ऑयलरचेच नाव सुचवले, तरी राजाचे मन वळले नाही.

रशियाने मात्र नाते तोडले नव्हते. ऑयलर बर्लिनला असतानाही तेथील अकादमी त्याला मानधन पाठवी. १७६० मध्ये रशियन सैन्याने त्याची शेतवाडी लुटली, तेव्हा रशियाने भरपाईही दिली. पुढे सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने भरघोस वेतन आणि मुलांच्या नोकरीचीही हमी दिली. फ्रेडरिक आधी परवानगी देईना. अखेर १७६६ मध्ये ऑयलर निघाला.

सेंट पीटर्झबर्गला परतल्यावर तो जवळजवळ पूर्ण आंधळा झाला. १७७१ मध्ये घर जळाले, १७७३ मध्ये पत्नी गेली. तरीही मुले व साहाय्यक यांना तोंडी सांगून त्याने आपल्या एकूण लेखनाचा सुमारे निम्मा भाग याच काळात पुरा केला. १७८३ मध्ये तिथेच त्याचा अंत झाला.

बर्लिनमध्ये त्याच्या जागी लाग्रांज हा तितकाच मोठा गणिती आला. फ्रेडरिकच्या मृत्यूनंतर, १७८७ मध्ये, तोही पॅरिसला निघून गेला.

बाहेरून आलेल्या माणसाला आपण कृतघ्न म्हणून मोकळे होतो. पण ऑयलर पहिल्यांदा गेला तो भीतीपोटी, दुसऱ्यांदा गेला तो अवहेलनेमुळे. पगार त्याला दोन्हीकडे मिळत होता. ज्या देशाला गुणी माणसे टिकवायची आहेत, त्याने आधी त्यांना निर्भयपणे व मानाने राहू द्यावे, हाच धडा या चरित्रातून घ्यावासा वाटतो.