रुडोल्फ डीझेल

डीझेलवर चालणारी मालमोटार चढणीवर दमूं लागली, म्हणजे कुशल कारागीर प्रथम तीन गोष्टी तपासतो: हवा पुरेशी आंत येते काय, ती नीट दाबली जाते काय, आणि तेल योग्य वेळीं पोंचतें काय. हीच परीक्षा ज्यास स्वतःच्या यंत्राची वर्षानुवर्षें करावी लागली, तो रुडोल्फ डीझेल १८५८ सालीं पॅरिस येथें जर्मन आईबापांच्या पोटीं जन्मला. १८७० च्या युद्धामुळें कुटुंबास इंग्लंडांत आश्रय घ्यावा लागला. पुढें म्यूनिक येथें शिकत असतां, वाफेचें यंत्र इंधनाची बहुतेक उष्णता वायां घालवितें हें ऐकून त्याच्या मनास चटका लागला. ठिणगीवांचून, केवळ दाबानें तापलेल्या हवेंत इंधन पेटवावें, अशी युक्ति त्यानें योजिली. १८९३ सालीं आउग्सबुर्ग येथें पहिल्या परीक्षेंत स्फोट झाला. यंत्र स्वबळावर चाललें नाहीं. एकेक दोष काढण्यांत चार वर्षें गेलीं. अखेर १८९७ सालीं इंधनाच्या उष्णतेचा चतुर्थांशाहून अधिक भाग त्यानें कामीं लाविला. १९१३ सालीं, कर्जानें गांजलेला असतां, तो इंग्लंडास जाणाऱ्या आगबोटीवरून नाहींसा झाला. विद्यार्थिमित्रहो, अपयश आलें असतां हताश न होतां त्याचें कारण शोधावें, हाच ह्या चरित्राचा बोध होय.