हिरोजी इंदुलकर : पायरीवर नाव कोरलेला इंजिनिअर

हॉस्टेलवर चुना म्हटलं की खर्रा आठवतो, नाहीतर कुणीतरी कुणाला तरी लावलेला चुना! सेकंड इयरला चुन्याचा टॉपिक मी पण सरळ ऑप्शनला टाकला होता. यावर्षी मैत्रिणींसोबत रायगड चढले आणि माझी चूक लक्षात आली.

गडावर जगदीश्वराच्या मंदिरात एका पायरीवर एक नाव कोरलं आहे. ते आहे हिरोजींचं. आधी एक गोंधळ दूर करते. आग्र्याला महाराजांच्या जागी पांघरूण घेऊन झोपले ते हिरोजी फर्जंद. हे हिरोजी इंदुलकर, स्वराज्याचे स्थापती, म्हणजे आपल्या भाषेत चीफ इंजिनिअर. शिलालेखात त्यांचं आडनाव इटळकर असं आहे.

त्यांचं एक मोठं काम म्हणजे सिंधुदुर्ग. मालवणजवळच्या कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला बांधकाम सुरू झालं आणि 1667 पर्यंत समुद्रात किल्ला उभा राहिला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि लाटांचा मार. तटाच्या पायात शिसं ओतलं, असं सांगतात. किल्ल्यात दूध, दही आणि साखर नावाच्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. महाराजांच्या हातापायाचे म्हणून जे ठसे तिथे जपले आहेत, ते चुन्यातच उमटलेले आहेत.

मग रायगड. 1656 मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून घेतलेल्या रायरीच्या डोंगरावर राजधानी वसवायची होती. एवढ्या उंचावर दगड चढवायचा कसा? गंगासागर तलाव खोदला आणि त्यातूनच निघालेला दगड इमारतींना वापरला. एका कामात पाणी पण आणि मटेरियल पण! महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये असा लपवला की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. 6 जून 1674 ला याच गडावर राज्याभिषेक झाला. जगदीश्वराच्या शिलालेखात वाडे, विहिरी, तलाव, बागा, रस्ते यांची यादीच आहे. कामाचं बक्षीस म्हणून हिरोजींनी फक्त पायरीवर नाव कोरायची परवानगी मागितली, अशी दंतकथा आहे.

1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडाला आग लागली. लाकूडकाम जळालं, पण दगडी जोती आणि चुन्याचे दर्जे राहिले. कारण काय? चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मग ती पाण्यात विझवायची, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायची. भिंतीत गेल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. म्हणूनच जुन्या किल्ल्यांच्या डागडुजीला सिमेंट चालत नाही, चुनाच लागतो.

फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात गेदलों नावाच्या जागी 1997 पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक नवा किल्ला बांधत आहेत. तिथला दगड, तिथलंच लाकूड आणि माणसाने आत चालून फिरवायच्या चाकाची क्रेन. 2019 मध्ये पॅरिसचं नोत्र दाम जळालं, तेव्हा त्याचं लाकडी छत पुन्हा घडवायला इथे हात बसलेले सुतार कामी आले. नुसती पुस्तकं असती तर हे जमलं नसतं.

जुलै 2025 मध्ये रायगड आणि सिंधुदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपल्याला आनंद झाला, स्टेटस पण ठेवलं. पण उद्या तटाचा दगड निखळला तर चुना मळणारे हात कुठून आणणार? आपल्या मौद्यात वीज केंद्राची राख सहज मिळते, तिच्यापासून विटा कशा होतात हे आपण शिकतो. ते शिकायलाच हवं. पण सोबत एकदा तरी चुना स्वतः विझवून, मळून, दोन विटा जोडून बघू या.

हिरोजींनी नाव मागितलं ते पायरीवर, कळसावर नाही. डिग्री मिळाल्यावर आपलं नाव कुठे लिहायचं, हे आपणच ठरवायचं. तोपर्यंत चुन्याचा टॉपिक कृपया ऑप्शनला टाकू नका!