भिंत नव्हे, दार शोधणारे विनोबा



खून, हाणामारी, जाळपोळ यांच्या बातम्या रोज कानांवर पडतात. जमाव कुणाला तरी मारतो आहे अशी दृश्ये मोबाईलवर जेवता जेवता पाहिली जातात. मग माणूस मुळातच वाईट आहे, असे मन म्हणू लागते. एकदा हे मनात बसले की शेजारीही परका वाटतो आणि शेतातल्या धुऱ्याच्या साध्या वादातही काठी हाती येते. म्हणून आज आम्ही आपल्याच विदर्भात राहून गेलेल्या एका माणसाचे जीवन आपणांसमोर ठेवीत आहोत. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. आई रुक्मिणीबाई फार भाविक होत्या. एकदा दारी आलेल्या धडधाकट भिकाऱ्याला त्यांनी भिक्षा घातली, तेव्हा लहानग्या विनायकाने हरकत घेतली. अशाला दिल्याने आळस वाढतो, हा त्याचा मुद्दा होता. आईने त्याला समजावले की दारी आलेला मनुष्य देवाच्याच रूपाने येतो. त्याची पात्रता ठरविणारे आपण कोण? हा धडा विनोबा जन्मभर विसरले नाहीत.

१९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी ते गांधीजींकडे पोहोचले. १९२१ साली ते वर्ध्याला आले आणि पुढे धाम नदीकाठचे पवनार ही त्यांची कर्मभूमी झाली. त्यांनी सर्व धर्मांचे ग्रंथ आदराने अभ्यासले. नव्या करारातील वेचे निवडून त्यांनी ‘ख्रिस्तधर्मसार’ सिद्ध केले, हे आपण ख्रिस्ती लोकांनी अवश्य लक्षात ठेवावे.

गुणदर्शनाविषयी त्यांची एक साधी शिकवण होती. माणसाचे दोष म्हणजे घराच्या भिंती आणि गुण म्हणजे दार. दार नाही असे घर नसते, तसा एकही गुण नाही असा माणूस नसतो. भिंतीवर डोके आपटले तर डोके फुटते; आत जायचे तर दारच शोधावे लागते.

ही शिकवण कसाला लागली ती तेलंगणात. तेथे जमीनदारांचा जुलूम, शेतकऱ्यांचे सशस्त्र बंड आणि सरकारी कारवाई यांत अनेकांचे बळी गेले होते. विनोबा पायी तेथे गेले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी तेथेच गावकऱ्यांना विचारले, आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने १०० एकर देऊ केली. ज्या वर्गाकडे सारे शत्रू म्हणून पाहत होते, त्यातच दाता निघाला! येथून भूदान सुरू झाले. तेरा वर्षांहून अधिक काळ विनोबा देशभर पायी फिरले आणि ४० लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून जाहीर झाली. त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच कागदावरच राहिली, हेही खरे. तरी जी गरिबांच्या हाती आली, ती रक्त न सांडता आली.

१९५३ साली बिहारमधील देवघरच्या मंदिरात दलितांसह जाताना त्यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्या कानावर मार बसला. तरीही हल्लेखोरांना शिक्षा व्हावी अशी इच्छा त्यांनी धरली नाही.

मे १९६० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, विनोबा चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत गेले. तेथील दरोडेखोरांच्या नावाने गावे थरथरत. विनोबांनी त्यांच्यातील माणसाला हाक दिली आणि २० जणांनी शस्त्रे खाली ठेवली. पोलीस अधिकाऱ्यांनी या प्रयोगावर टीका केली. पण विनोबांनी गुन्ह्याला गुन्हाच मानले. शरण आलेल्यांवर खटले चालले, त्यांना तुरुंगात जावे लागले. पुढे १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शेकडो दरोडेखोर शरण आले. त्या वाटेवरचे पहिले पाऊल विनोबांचे होते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला.

बंधू-भगिनींनो, चांगले पाहणे म्हणजे वाइटाकडे डोळेझाक करणे नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने गप्प बसावे, असाही याचा अर्थ नाही. संत ऑगस्टीन यांनी शिकविले की वाईट हे स्वतंत्र अस्तित्व नसून चांगल्याची उणीव आहे. म्हणजे देवाने निर्माण केलेला कोणीही मनुष्य निखळ वाईट असूच शकत नाही. लोक ज्याला पापी मानत त्या जकातदार जक्कयला प्रभू येशूने झाडावरून खाली बोलावले. क्रुसावर टांगलेल्या चोराच्या अंतःकरणातही प्रभूला शेवटच्या घटकेला दार सापडले.

आपल्या शेलूबाजारात एकमेकांशी बोलणे टाकलेली घरे असतील, भावाभावांत वाटणीवरून तेढ असेल. ज्याचे नाव निघताच कपाळाला आठी पडते अशा एका व्यक्तीची या आठवड्यात आठवण करू या. तिचा एक खरा गुण शोधू या आणि तो घरात, मुलांच्या देखत, बोलून दाखवू या. मग पुढच्या रविवारी पवित्र मिस्सात शांतीचे चिन्ह देताना आपला हात शेजारच्या बाकापुरताच थांबणार नाही.

प्रभू आपणां सर्वांना तशी दृष्टी देवो. आमेन.