कवि टिळक यांचा बाप्तिस्मा

बाप्तिस्म्याच्या पाण्यानें तारण होतें काय? होत नसेल, तर तो घ्यावा कशासाठीं? खेडोपाडींचे जिज्ञासु लोक हे दोन प्रश्न उपदेशकांस वारंवार विचारतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र पाहिलें असतां त्यांचें उत्तर सहज सांपडतें.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. वडील सरकारी नोकरीनिमित्त मोखाडें येथें असत. हा गांव त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत होता. नारायणाचें आरंभींचें शिक्षण कल्याण येथें झालें. भक्ति व काव्याची आवड हीं मातोश्री जानकीबाईंपासून त्यांस लाभलीं. आई वारल्यावर ते नाशकास गेले व तेथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. पुढें जागोजाग नोकरी केली, पण चित्त कोठेंच स्थिर होईना. ज्यांत जातिभेद नाहीं असा एखादा धर्म देशास मिळावा, ही तळमळ त्यांस लागून राहिली होती.

१८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अपरिचित युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. तो वाचतां वाचतां ते प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापाशीं आले आणि तेथेंच त्यांचें मन जडलें. अंतःकरणांत विश्वास उत्पन्न झाला. परंतु तो उघड करावयाचा म्हणजे जात, आप्त व संसार यांस मुकावयाचें होतें. असे जवळजवळ दोन वर्षें गेलीं. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत, रेव्हरंड तुकाराम नथोजी या आपल्याच देशबांधवाच्या हस्तें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

वाचकहो, त्या दिवशीं पाण्यानें काय केलें? तारणारा विश्वास तर त्यांस आधींच प्राप्त झाला होता. वधस्तंभावरील चोरास बाप्तिस्म्यावांचून सुखलोक मिळाला, हें आपण जाणतोंच. मात्र त्या चोरानें मरतां मरतां सर्वांसमक्ष प्रभूस पत्करिलें. टिळकांनींहि बाप्तिस्म्यांत तेंच केलें. अंतरींची गोष्ट त्यांनीं चारचौघांत आणिली व प्रभूची आज्ञा मानिली.

याची किंमत मोठी पडली. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू त्यांस चार वर्षांहून अधिक काळ अंतरले. पुढें बाई परत आल्या, त्या सोंवळें-ओंवळें पाळीतच. टिळकांनीं त्यांच्यावर बळजबरी केली नाहीं. जात ही देवानें नव्हे, मनुष्यानें केली, हें बाईंस आपल्याच विचारानें पटलें, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. पतीचा बाप्तिस्मा पत्नीच्या कामीं येत नाहीं, हें या घरानें दाखविलें.

टिळकांनीं अहमदनगर येथें शिक्षणाचें काम केलें. १९०४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. त्यांचीं भजनें आजहि आपल्या उपासनेंत गाइलीं जातात. बाप्तिस्मा घेतला म्हणून मराठी भाषा, अभंगाची चाल किंवा स्वदेशाचा अभिमान त्यांनीं टाकिला नाहीं. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं देवाचा दरबार हा बंधुसमाज काढिला व त्यांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस बोलाविलें. हें पुष्कळांस रुचलें नाहीं. परंतु बाप्तिस्मा ही नवी जात होऊं नये, हीच त्यांची कळकळ होती. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत ते प्रभूपाशीं गेले.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, कोणी बाप्तिस्मा मागावयास आला, तर पाणी आणण्याची घाई करूं नका. तो प्रभूस ओळखतो काय, हें आधीं विचारा. आणि ओळखत असूनहि जो लोकलाजेनें मागें राहतो, त्यास नवा करार हातीं घेऊन दोन वर्षें झगडणाऱ्या या कवीची गोष्ट सांगा.